एकशे चौदा नंबर

लिलाव दहाचा होता, आम्ही नवालाच हजर,
आयुष्यात पहिल्यांदा घंटेच्या आधी.
मैदानावर वितळत्या बर्फाचा चिखल, चिखलात अडतीस गाड्या;
आमच्या वर्गात एवढी मुलंही नव्हती.

सस्कॅचेवानच्या या कोपऱ्यात गहू आजही चिक्कार पिकतो,
मुलं तेवढी पिकत नाहीत.
गेल्या वर्षी अकरावीत तिघं होती.
तिघांसाठी बॉयलर कोण पेटवणार?

लिलाववाला रिजायनाहून आलेला, तरणाबांड,
जीभ शिवणयंत्रासारखी.
ग्लोब गेला. चेपका ट्रॉम्बोन गेला.
रंगमंचाचा पडदा पेलेटिए जुळ्यांनी घेतला,
त्याच्यामागे दोघांनी पहिली सिगारेट ओढली होती
आणि ओकलेही होते जोडीनेच.
कशाला रे हवाय, विचारलं. "ट्रॅक्टर झाकायला."
पण घडी घालताना एकानं त्याला हळूच नाक लावलं,
मी पाहिलं.

नकाशा कुणी घेईना.
त्यातले कितीतरी देश आता त्या नावांचे उरले नाहीत.
हॅल्डोरा बाई त्यावर लांब काठी टेकवून म्हणायच्या,
"हे सगळं बघून या, आणि मग मला सांगा."
बाई स्वतः विनिपेगच्या पलीकडे कधी गेल्या नाहीत.
लिस्बनहून मी त्यांना कार्ड पाठवलं,
ते दोन चुका लाल शाईनं दुरुस्त होऊन
टपालानं परत आलं.
पाच डॉलरला नकाशा मी घेतला.
एवढी मोठी भिंत माझ्या घरात नाही.

आणि वासिल, शिपाई म्हणा, घरमालक म्हणा.
बाहेर उणे चाळीस असलं की आमचे ओले हातमोजे
बॉयलरवर वाळत घालायचा, जोडीजोडीनं, पापडांसारखे.
एखादा करपायचाच.
बीजगणित म्हटलं की मला अजून
जळक्या लोकरीचा वास येतो.

लॉकर शेवटी काढले, एकेक सुटा करून.
एकशे चौदाला अजून कुलूप,
आकड्यांच्या चकतीचं.
वासिल दर खेपेला त्यावरूनच ब्रश फिरवत गेला:
राखाडी, मग पिवळा, मग तो दवाखान्यातला हिरवा.
मुलं कमी कमी होत गेली,
एका लॉकरवाचून कुणाचं अडलं नाही.

"हा माझा," ओरेस्ट म्हणाला. गुडघा नवा, दाढी पांढरी.
"आकडे विसरलो बघ. पोटॅशच्या खाणीवर जायची घाई होती,
सत्तर साल."
सगळे हसले. कुणीतरी करवत शोधायला निघालं.

एकतीस. सात. बावीस.

दोन हिवाळे मी एकशे पंधराशी उभी राहून
पुस्तकं लावायचं सोंग केलं होतं.
उजवीकडे एकतीस, डावीकडे अख्खा फेरा घेऊन सात,
पुन्हा उजवीकडे बावीस,
आणि मग तो दार खांद्यानं ढकलायचा, उगाचच,
उघडलेलं असलं तरी.
मी नातवंडांचे वाढदिवस विसरते,
नवऱ्याच्या थडग्याची रांग एकदा चुकले,
पण हे आकडे कुठे ठेवले ते कधी शोधावं लागलं नाही.

जिभेच्या टोकावर आले.
सांगितले असते, तर त्यानं विचारलं असतं: तुला कसे गं?
आणि भोवती अख्खा वर्ग उभा.

"करवत नको," ओरेस्टच म्हणाला.
"आत माझं सँडविच आहे. त्याला झोपू दे."

ट्रकवर चढवायला चौघं लागलो.
माझा अंगठा नेमका चकतीवर आला.
मी हलकेच फिरवून पाहिली, उजवीकडे, कुणाला न कळेलशी.
ढिम्म हलली नाही. तीन थर रंग.

आत काहीतरी घरंगळलं.
गोटी, खडू, बटण, काय कोण जाणे.
आम्ही चौघं थबकलो,
मग काही न बोलता
लॉकर पुन्हा एकदा तिरका केला,
मुद्दाम.